उभ्या गाडीची बॅटरी : मेंटेनर घ्यावा की तार सोडावी?

मे महिना संपत आला की सावंतवाडीच्या आसपासच्या गावांतून एक दृश्य हमखास दिसते. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी चाकरमानी आपली मोटारसायकल धुऊन-पुसून पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवतात, तिच्यावर ताडपत्री टाकतात, चावी शेजारच्या घरी देतात आणि मळगावच्या स्टेशनावरून रेल्वे पकडतात. ताडपत्री निघते ती थेट गणपतीच्या आदल्या दिवशी. सेल्फचे बटण दाबले जाते. 'टक्' असा एक आवाज येतो, कधी तोही येत नाही. 'गाडी सुरू होना नाय!' म्हणून मेस्त्रीला बोलावणे जाते, आणि चतुर्थीच्या तोंडावर मेस्त्री तरी किती ठिकाणी पुरणार? बॅटरी उतरलेली असते, आणि पुष्कळदा ती कायमचीच गेलेली असते.

पूर्वी हे दुखणे एवढे जाणवत नसे. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्या बॅटरी उतरली तरी किक मारून सुरू होत. पण १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिचा पंप आणि तिचा 'मेंदू' दोन्ही बॅटरीवर चालतात. अनेक गाड्यांना आता किकच नसते. त्याच वर्षी मार्चअखेर टाळेबंदी आली, देशभर गाड्या महिनोन्महिने दारात उभ्या राहिल्या आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला. तेव्हापासून 'बॅटरी मेंटेनर' नावाच्या उपकरणाची चौकशी वाढलेली दिसते. एक टोक घरातल्या विजेच्या प्लगमध्ये, दुसऱ्या टोकाचे दोन चिमटे बॅटरीला. महिनोन्महिने असेच ठेवा, बॅटरी सदैव भरलेली राहील, असे हे उपकरण विकणारे सांगतात.

कोणता मेंटेनर घ्यावा, असे विद्यार्थी आता मला विचारू लागले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांनी कोणताच घेऊ नये. बॅटरीच्या ऋण अग्राची तार सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी भरावी. ज्यांना मेंटेनर खरोखर लागतो असेही काही लोक आहेत. त्यांनी तो अँपिअर पाहून न निवडता व्होल्ट पाहून निवडावा. हे मत कशावर बेतले आहे ते समजण्यासाठी फार मोठे पदार्थविज्ञान लागत नाही. ओहमचा नियम आणि विद्युत् विघटनाचा धडा एवढे पुरे.

प्रथम बॅटरी उतरते कशी ते पाहू. मोटारसायकलीची बॅटरी बहुधा शिसे-आम्ल प्रकारची असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये हा घट तयार केला आणि त्याचे मूळ रसायन आजही तेच आहे. एका प्लेटवर शिसे, दुसऱ्या प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. घटातून प्रवाह घेतला की दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. उलट प्रवाह सोडला की सल्फेट विरघळून मूळ पदार्थ परत मिळतात. एका घटाचा दाब २.१ व्होल्टच्या आसपास असतो. असे सहा घट एकसरीत जोडले की आपली '१२ व्होल्टची' बॅटरी होते. ती पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर जवळजवळ निम्मी उतरली असे समजावे. १२ च्याही खाली गेली तर धोक्याची घंटा.

धोका कसला? नव्याने जमलेले सल्फेटचे कण अगदी बारीक असतात व सहज विरघळतात. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की हे कण एकमेकांत मिसळून मोठे, टणक स्फटिक बनतात. साखरेच्या पाकात खडीसाखर धरते तसे. हे स्फटिक पुढे कितीही चार्जिंग केले तरी नीटसे विरघळत नाहीत. म्हणजे बॅटरी उतरल्याने मरते त्यापेक्षा उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्याने मरते. हा फरक लक्षात ठेवा.

आता हिशेब करू. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांत ३ ते ५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. आपण ४ धरू. कोणतीही बॅटरी कशालाही न जोडता ठेवली तरी तिच्यातल्या तिच्यातच थोडी उतरते. आजच्या बऱ्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ते ढोबळमानाने दुप्पट होते. ४ टक्के धरले तर महिन्याला ०.१६ अँपिअर-तास. महिन्याचे ७२० तास. भागाकार करा : सरासरी गळती भरते ०.२२ मिलिअँपिअर.

आता दुसरी गळती पाहा. चावी बंद असली तरी आधुनिक गाडीचे घड्याळ, इलेक्ट्रॉनिक मेंदू, असल्यास चोरघंटा, हे सगळे बॅटरीतून थेंबथेंब प्रवाह घेत असतात. समजा तो अवघा १ मिलिअँपिअर आहे. महिन्याला ०.७२ अँपिअर-तास झाले. जून, जुलै, ऑगस्ट मिळून २.१६. त्यात बॅटरीची स्वतःची गळती अर्धा अँपिअर-तास मिळवली की चारांपैकी सुमारे पावणेतीन अँपिअर-तास गेले! गणपतीला सेल्फ का लागत नाही ते कळले ना? आणि गाडी कुठे आहे हे मोबाइलवर दाखवणारे यंत्र कोणी हौसेने बसवून घेतले असेल, आणि ते ५ मिलिअँपिअर घेत असेल, तर महिन्याला ३.६ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरी पाच आठवड्यांतच रिकामी.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, आपल्या उदाहरणात गाडीची गळती ही बॅटरीच्या स्वतःच्या गळतीच्या चौपट-पाचपट आहे. ती थांबवायला पैसे पडत नाहीत, एक पाना पुरतो. ऋण अग्राची तार सोडली की उरते फक्त ०.२२ मिलिअँपिअर. तीन महिन्यांत बॅटरी फार तर १२-१५ टक्के उतरेल, उकाडा धरून २० म्हणू. तरीही सेल्फ लागेल. दुसरी गोष्ट अशी की, मेंटेनरला जे काम करायचे आहे ते सारे मिळून एखाद्या मिलिअँपिअरचे आहे. मग 'आमचा २ अँपिअरचा, त्यांचा फक्त अर्ध्या अँपिअरचा' या जाहिरातीला काय अर्थ राहिला? गळक्या हंड्यात दिवसाला वाटीभर पाणी घालायचे आहे, त्याला पंप कितीचा हे विचारण्यासारखेच ते.

अँपिअर जास्त असणे नुसते निरर्थक नाही, ते घातकही ठरू शकते. एका विद्यार्थ्याने बाजारातून आणलेला स्वस्त 'मेंटेनर' मी प्रयोगशाळेत तपासला. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण त्यावर नावच नव्हते. आत एक छोटा रोहित्र आणि चार डायोड, बाकी काही नाही. हिरवा दिवा मात्र होता! असा रोहित्र १२ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब देतो तेव्हा त्याचे शिखरमूल्य १२ गुणिले १.४१, म्हणजे १७ व्होल्टच्या घरात जाते. बॅटरी भरली तरी हे उपकरण प्रवाह ढकलत राहते. समजा १०० मिलिअँपिअर. ऐकायला किती किरकोळ! पण महिन्याला ते ७२ अँपिअर-तास होतात, चार अँपिअर-तासांच्या बॅटरीत अठरा वेळा भरण्याइतके.

भरलेल्या बॅटरीत हा प्रवाह करणार काय? पाण्याचे विघटन. फॅरेडेच्या नियमाने १८ ग्रॅम पाणी फोडायला सुमारे ५३.६ अँपिअर-तास लागतात. म्हणजे ७२ अँपिअर-तासांत प्रत्येक घटातले २४ ग्रॅम पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन निघून जाऊ शकते. एवढ्याशा बॅटरीच्या एका घटात मुळात आम्ल असते किती? बंद प्रकारच्या, म्हणजे पाणी घालावे न लागणाऱ्या बॅटरीत यातला बराचसा वायू आतल्या आत परत पाण्यात बदलतो खरा, पण ती ऊर्जा उष्णता होऊन बॅटरी तापवते, आणि झडपेतून जे बाहेर पडेल ते भरून काढायला तिला तोंडच नसते. तेव्हा न राखल्याने बॅटरी जितकी बिघडते तितकीच चुकीच्या राखण्याने बिघडते. आणि हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपुढे गेले की एक ठिणगी पुरते, हेही विसरू नका. बंद खोलीत, पेट्रोलच्या टाकीशेजारी हा खेळ नको.

मग चांगला मेंटेनर वेगळे काय करतो? तो प्रवाह ठरवून देत नाही, दाब ठरवून देतो. समजा त्याने आपल्या टोकांवर १३.५ व्होल्ट कायम राखले. बॅटरी उतरलेली असताना तिचा स्वतःचा दाब कमी, दोहोंतला फरक जास्त, म्हणून प्रवाह जास्त. बॅटरी भरत जाते तसा तिचा प्रतिदाब वाढतो, फरक घटतो आणि ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह आपोआप काही मिलिअँपिअरवर येऊन थांबतो. बॅटरीला हवा तेवढाच ती घेते. किती सुरेख व्यवस्था आहे ही! कोणी पहारेकरी लागत नाही. घटामागे सुमारे २.२५ व्होल्ट, म्हणजे सहा घटांना १३.५, हा या कामाचा योग्य दाब. घटामागे २.४, म्हणजे १४.४ व्होल्टच्या पुढे बुडबुडे जोरात सुटू लागतात. लवकर भरण्यासाठी काही तास १४.४ व्होल्ट चालतात, महिनाभर चालत नाहीत.

म्हणून ज्याला मेंटेनर घ्यायचाच आहे त्याने तो घेण्यापूर्वी, किंवा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, एक मल्टीमीटर हाती घ्यावा. भरलेल्या बॅटरीला मेंटेनर लावून एक दिवस जाऊ द्यावा आणि मग बॅटरीच्या अग्रांवरचा दाब मोजावा. १३.२ ते १३.८ च्या दरम्यान स्थिर असेल तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही १४ च्या वर असेल तर ते उपकरण दुकानदाराला परत करावे, खोक्यावर काहीही छापलेले असो. यानंतर आणखी एक चाचणी करावी, जी फारसे कोणी करत नाही. चिमटे बॅटरीला तसेच ठेवून प्लगचे बटण बंद करावे आणि बॅटरीतून उलट दिशेने मेंटेनरमध्ये किती प्रवाह जातो ते पाहावे. काही उपकरणे वीज गेली की बॅटरीच्याच जिवावर आपला दिवा पेटता ठेवतात! त्या उलट्या वाटेने ५ मिलिअँपिअर जात असतील, तर राखणदारच चोर निघाला म्हणायचे.

ही चाचणी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. याच सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ही झाडी, हा वारा, तारांवर पडणाऱ्या फांद्या. वीज जाणे-येणे पावसाळ्यात चालायचेच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सिंधुदुर्गातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. काही मेंटेनर असे असतात की वीज गेली नि आली की ते सगळे पहिल्यापासून सुरू करतात, भरलेल्या बॅटरीलाही पुन्हा १४.४ व्होल्टचा हप्ता देतात. दिवसातून सहा वेळा वीज गेली तर सहा हप्ते. शिवाय जूनच्या आरंभी आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट असतो, तेव्हा शहाणा माणूस टीव्हीचा प्लगसुद्धा काढून ठेवतो. घराला कुलूप, माणसे मुंबईत, आणि ओलसर भिंतीवरच्या प्लगमध्ये तीन महिने एक उपकरण चालू! मला तरी हे पटत नाही. दीड हजाराच्या आत-बाहेरची बॅटरी वाचवण्यासाठी घर धोक्यात घालण्यासारखे ते आहे.

या उपकरणांची पुष्कळशी माहितीपत्रके थंड देशांच्या अनुभवावर लिहिलेली असतात. तिकडे मोटारसायकल हिवाळ्यात उभी राहते. थंडीत बॅटरीची आपोआप होणारी गळती मंद असते. तिथे भीती असते ती उतरलेल्या बॅटरीतले पातळ आम्ल गोठून भांडे फुटण्याची. आपल्याकडे बर्फाची भीती नाही. आपला शत्रू उकाडा. तापमान वाढले की योग्य दाबही कमी करावा लागतो, सहा घटांच्या बॅटरीला अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट. २५ अंशांना १३.६ योग्य असेल, तर पत्र्याखाली ४० अंशांना १३.३ पुरेत. खास पावसाळ्यात हवा इतकी तापत नाही, त्यामुळे तेव्हा हा मुद्दा गौण. पण जी गाडी गणपतीनंतर शिमग्यापर्यंत आणि तिथून मेपर्यंत उभी राहते, तिच्यासाठी तापमान ओळखून दाब बदलणारा मेंटेनर घ्यावा किंवा गाडी तरी सावलीत ठेवावी. दुसरे स्वस्त पडते!

एखादी महागडी, मोठ्या बॅटरीची गाडी असेल, घरात दोन-तीन गाड्या असतील, आणि मुख्य म्हणजे घरी रोज कोणी माणूस असेल, तर मेंटेनर घेण्यात अर्थ आहे. बाकीच्यांसाठी चांगल्या मेंटेनरची किंमत छोट्या बॅटरीपेक्षाही जास्त होते; तो हिशेब जुळत नाही. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीच बनवलेले उपकरण हवे, शिसे-आम्लाचे चालणार नाही. जुनी राजदूत किंवा येझदी जपून ठेवणाऱ्यांनी आपली बॅटरी ६ व्होल्टची तर नाही ना, हे आधी पाहावे. सौर पट्टी थेट बॅटरीला लावण्याची युक्ती कोणी सांगेल. पण '१२ व्होल्टची' म्हणून मिळणारी पट्टी मोकळी असताना उन्हात २० व्होल्टच्या आसपास जाते, म्हणून मध्ये नियंत्रक हवाच. आणि आषाढात आपल्याकडे ऊन आहे कुठे? टणक झालेले सल्फेट विद्युत् स्पंदांनी फोडून मेलेली बॅटरी जिवंत करण्याचे दावेही केले जातात. त्यावर मी माझे पैसे खर्चणार नाही.

शेजाऱ्याने दर आठवड्याला गाडी जागेवर पाच मिनिटे चालू करून ठेवावी, अशी एक लोकप्रिय पद्धत आहे. हेतू चांगला, उपाय कच्चा. इंजिन मंद फिरत असताना जनित्र फारसे देत नाही, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत पुढचा दिवा इंजिनाबरोबर पेटलेलाच राहतो. म्हणजे जमेपेक्षा खर्चच जास्त होण्याचा संभव. त्यापेक्षा पाऊस उघडला असताना, लायसन असलेल्या मोठ्या माणसाने ती अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. तेही जमत नसेल तर बॅटरी काढून शेजारच्या घरी कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा, भरल्यावर आपोआप थांबणाऱ्या साध्या चार्जरने ती भरून घ्यावी. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दशांश असावा, म्हणजे ४ अँपिअर-तासांना ०.४ अँपिअर. बहुतेक बॅटऱ्यांच्या अंगावरच हा आकडा छापलेला असतो.

तार सोडताना ऋण अग्राचीच आधी का, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावा. गाडीचा सांगाडा ऋण अग्राला जोडलेला असतो. आधी धन अग्र सोडू लागलात आणि पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर बॅटरी थेट लघुपरिपथित होते आणि पाना लाल होतो. ऋण आधी सोडले की मंडलच तुटते, मग पाना कुठेही लागो. जोडताना उलट क्रम : धन आधी, ऋण शेवटी. हातातली अंगठी, बांगडी काढून ठेवावी. अग्रांना थोडे व्हॅसलीन लावले की पावसाळ्यात तो पांढरा-हिरवा क्षार धरत नाही.

नववी-दहावीच्या मुलांसाठी यात एक छान प्रकल्प आहे, आणि विज्ञान प्रदर्शनात तोच तो ज्वालामुखी मांडण्यापेक्षा तो किती तरी बरा. एखाद्या ओळखीच्या मेस्त्रीकडून दोन सारख्या बॅटऱ्या मिळवा. एक गाडीला जोडलेली, दुसरी तार सोडलेली. दर रविवारी ठरलेल्या वेळी दोहोंचा दाब मोजून आलेखावर मांडा. चार्जिंग केल्यावर लगेच मोजू नका. रात्रभर विसावू द्या, नाहीतर पृष्ठभागावरचा चढा दाब फसवतो. गाडीची गळती मोजताना मल्टीमीटर ऋण तारेच्या जागी एकसरीत, आधी १० अँपिअरच्या टप्प्यावर, मग मिलिअँपिअरवर लावा. चावी खिशात ठेवा, कारण मीटर मध्ये असताना सेल्फ दाबला तर मीटरचा फ्यूज गेलाच. दोन महिन्यांत दोन रेषा एकमेकींपासून किती दुरावतात ते तुमच्या डोळ्यांनी पाहा. माझे १ मिलिअँपिअर तुमच्या गाडीला लागू पडतीलच असे नाही, तिचा आकडा तिच्याकडूनच घ्या.

आणि जी बॅटरी खरोखरच गेली, ती? तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार अपायकारक. तिच्यातले आम्ल परसात ओतून वरून माती ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. दहा पावलांवर विहीर असते. वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी आपल्याकडे २००१ साली नियम झाले आणि त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली. त्यांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून अधिकृत पुनर्वापराकडे पोहोचवणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या टोपलीत टाकू नका. नवी घेताना ती दुकानदाराकडे द्या. तो बहुधा किमतीत काही रुपये वजा करून देतो. न केल्यास मागून घ्या.